तांबखडीची बुरशीबाई

फार वर्षांपूर्वी, कृष्णाकाठी विजेचे खांब अजून यायचे होते तेव्हा, तांबखडी गावात एकोणीस पानमळे होते. गाव आजही आहे आणि मळेही आहेत. पण ते का आहेत हे सांगायला बसलं की तिथली माणसं आधी एका बाईचं नाव घेतात, आणि घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. गावानं तिला ते नाव चिडवायला म्हणून दिलं होतं. बुरशीबाई.

तिचं खरं नाव द्वारका हेर्लेकर. ती देवी नव्हती, जोगतीण नव्हती, वैदूही नव्हती. झाडांच्या रोगांचा अभ्यास केलेली बाई होती आणि शेतकी खात्यात नोकरीला होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकलं की लोक म्हणतात, छे, ती अवतारीच असणार. अवतार म्हटलं की सोपं जातं. मग माणूस म्हणून तिला जो त्रास दिला तो विसरता येतो.

असं म्हणतात, की द्वारका सात वर्षांची असताना तिच्या आईनं शिळी भाकरी उकिरड्यावर टाकली आणि पोरीनं ती उचलून कोनाड्यात ठेवली. भाकरीवर आधी पांढरं आलं, मग हिरवं, मग काळं. दुसऱ्या पोरी बाहुलीपुढं बसतात तशी ही त्या भाकरीपुढं बसायची. आई म्हणाली, "अगं, काय बघतेस त्यात? नासलंय ते." पोर म्हणाली, "आई, नासलं नाही. उगवलंय." बाप गवंडी होता. त्यानं हे ऐकलं, हातातला ओळंबा खाली ठेवला आणि म्हणाला, "हिला शिकवायची."

शिकवली. शेतकी कॉलेजात ती एकटीच मुलगी. तिथले एक गुरुजी म्हणाले, "बाईनं फुलांचा अभ्यास करावा. रोगांची घाण कशाला?" द्वारका म्हणाली, "फुलं बरी असतात, सर. त्यांना माझी गरज नाही." असं म्हणतात, की त्या वर्षी परीक्षेत तिच्या पुढे कुणीच नव्हतं. नोकरी लागली तेव्हा मात्र सगळेच पुढे होते. तिला खेड्यात पाठवायचे नाहीत. का, तर बाईमाणूस, चिखल, मुक्काम. नऊ वर्षं ती एका खोलीत बसून दुसऱ्यांनी आणलेली वाळकी पानं बघत राहिली. नऊ वर्षं! आजाऱ्याला कधी भेटायचंच नाही आणि त्याच्या वाळलेल्या नखावरून रोग ओळखायचा, असं ते काम.

आणि इकडे तांबखडीत पानवेलींवर मर आली.

पानमळा कसा असतो ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. शेवरीची उंच झाडं दाटीनं लावतात, त्यांच्या अंगावर नागवेल चढवतात. आत दुपारीही हिरवा अंधार असतो आणि जमीन कायम ओली. वेल शेंड्याला पोचली की वर्षातून एकदा ती खाली घ्यायची, दांडा गुंडाळून बुडाशी मातीत पुरायचा, शेंडा पुन्हा वर बांधायचा. त्याला उतरण म्हणतात. मळा म्हणजे देऊळ. पायताण बाहेर. बाईनं तिच्या चार दिवसांत मळ्याच्या बांधालाही शिवायचं नाही. आणि आणखी एक रीत होती, ती तांबखडीचीच. कुणाच्या मळ्यात वेल मेली की बाकीचे मळेकरी भेटायला जायचे, माणूस गेल्यावर जातात तसे. अनवाणी आत शिरायचं, मेलेल्या वेलीच्या बुडाशी उभं राहायचं, तिथली चिमूटभर माती उचलून टोपीच्या घडीत घालायची आणि घरी येऊन आपल्या पहिल्या वेलीच्या बुडाशी टाकायची. त्यानं मर आपल्याकडे फिरकत नाही, अशी समजूत.

भेटायला सगळ्यांच्या आधी जायचा मान बाळाराम तात्या म्हेत्र्यांचा. तात्या पंचांतले थोरले. त्यांच्या मिशा इतक्या मोठ्या होत्या, की असं म्हणतात, थंडीत चिमण्या त्यांत बसायच्या.

श्रावणात खालच्या अंगाला एका मळ्यातली वेल पिवळी पडली, दोन दिवसांत मान टाकली, आणि ओढून पाहिली तर बूड काळं, हातात तुटून आलं. गाव भेटायला गेलं. पंधरवड्यात आणखी तीन मळे बसले. गाव तिथंही गेलं. भाद्रपद सरेपर्यंत एकोणिसांतले अकरा मळे आजारी पडले होते, त्यांत तात्यांचाही होता. असं म्हणतात, की त्या दिवसांत कुजलेल्या वेलींच्या वासानं गुरं वैरण सोडायची.

मग पंच बसले. रोग आला म्हणजे कुणीतरी आणला, आणि कुणीतरी म्हणजे बाईच. याला पुरावा लागत नाही. कधीच लागला नाही. एकीनं सांगितलं, की तात्यांची थोरली सून शेवंता बाजूला बसली असताना मळ्यात शिरली होती. शेवंताला उभं केलं. ती खोटं बोलली असती तर सुटली असती, पण तिला ते जमत नव्हतं.

"गेलते," ती म्हणाली. "म्हस शिरली हुती आत. वेली तुडवत हुती. तुमी समदे जेवत हुता. मी हाका मारल्या, कुणी उठलं न्हाई."

"म्हंजी कबूल हाय!" पंच म्हणाले.

ठरलं. संक्रांतीनंतर उतरण, त्याआधी शेवंताला माहेरी नेऊन सोडायचं, ते कायमचं. आनंदाचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, दुसरं लग्न लावायचं. आनंदा मान खाली घालून बसला होता. त्याच्याविषयी सांगण्यासारखं एवढंच आहे.

कुणीतरी शेतकी खात्यालाही पत्र टाकलं होतं. ज्या साहेबांनी यायला हवं होतं त्यांना चिखलाचा कंटाळा आला आणि त्यांनी खोलीतल्या बाईला पाठवलं. अशी द्वारका तांबखडीला आली. एक ट्रंक, एक छत्री आणि लाकडी पेटीत पितळेचा सूक्ष्मदर्शक. पोरं मागे लागली. "बाई, पेटीत काय हाय?" "बुरशी बघायचं भिंग." झालं. तिन्हीसांजेच्या आत तिचं नाव बुरशीबाई पडलं.

तात्यांच्या मळ्याच्या तोंडाशी तिनं चपला काढल्या. तात्या आडवे आले. तिच्याकडे न बघता शेवरीच्या शेंड्याकडे बघून म्हणाले, "बाईंची... म्हंजी आत यायला काय हरकत न्हाई न्हवं?"

"कसली हरकत?"

चारपाच गडी जमिनीकडे बघायला लागले. एकजण खोकला. द्वारकेला कळलं. असं म्हणतात, की तिच्या कानांच्या पाळ्या कुंकवासारख्या लाल झाल्या. एम. एस्सी. झालेली बाई, कोसन्‌कोस लांबून रोग बघायला आलेली, आणि भर दुपारी अनोळखी पुरुष तिला हे विचारतायत!

"तुम्ही आत जाताना हा प्रश्न तुम्हाला कोण विचारतं, तात्या?"

"आमाला कशाला कोण इचारंल?"

"मग मीही उत्तर देणार नाही," ती म्हणाली, आणि बाहेर बांधावर छत्री उघडून बसली.

तीन दिवस बसली. आत जाऊ दिलं नाही म्हणून ती बाहेरून बघत राहिली, आणि गावाची हीच चूक गावाला तारून गेली. आत गेली असती तर तिनं वेली बघितल्या असत्या. बाहेर बसली म्हणून तिला पाय दिसले. असं म्हणतात, की दुसऱ्या दिवशी एक नागीण येऊन तिच्या छत्रीच्या सावलीत वेटोळं घालून बसली आणि दोघी मिळून येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय मोजत होत्या. मी असते तर छत्री, भिंग, नोकरी सगळं तिथंच टाकून पळाले असते. द्वारका नुसती म्हणाली, "सरक थोडी, मला रस्ता दिसत नाही."

तिनं काय पाहिलं? मळेकरी चपला काढून आत जात होते, घोट्याएवढ्या चिखलानं बाहेर येत होते, तसेच पाय चपलांत सरकवून पुढच्या मळ्यात भेटायला जात होते. चपला बाहेर राहत होत्या. चिखल कुणी बाहेर ठेवत नव्हतं. आणि प्रत्येकाच्या टोपीच्या घडीत मेलेल्या वेलीची माती.

तिसऱ्या दिवशी तिला लांबून एक मळा दिसला, हिरवागार, पान न् पान ताठ. तो तानूबाईचा. तानूबाई विधवा. नवरा गेल्यावर तिनं मळा खंडानं दिला नाही, स्वतः कसला, महिन्याचे तीसही दिवस. म्हणून गावानं तिला वाळीत टाकलं होतं. मर आली तेव्हा गाव म्हणालं, तिनं करणी केली असणार, नाहीतर तिचा मळा असा हिरवागार कसा राहतो?

द्वारका तिच्या बांधावर गेली. तानूबाई म्हणाली, "या की आत. पाय तेवढे धुवा बाई. घाण खपत न्हाई मला."

द्वारकेनं पाय धुतले. "आजी, तुमच्याकडे भेटायला कोण कोण आलं होतं?"

"मला कोण भेटाया येतंय? वाळीत हाय मी."

"आणि तुम्ही कुणाकडे गेला होतात?"

"मला कोण दारात उभी करंल?"

असं म्हणतात, की हे ऐकून द्वारका मळ्यातच मटकन खाली बसली आणि आधी हसली, मग रडली. सगळं गाव सोवळं पाळून मरत होतं आणि जिला विटाळशी म्हणून टाकलं होतं तिच्या मळ्याची वाट रोगाला सापडत नव्हती. कारण तिथं एकाही पुरुषाचे पवित्र पाय पोचले नव्हते.

ती चावडीवर गेली. तात्यांना कुठल्या मळ्यात कुठल्या तिथीला भेटायला गेलो ते तोंडपाठ होतं, त्यांचा तो मानच होता. त्यांनी छाती काढून सांगितलं, तिनं लिहून घेतलं. मग विचारलं, कुठला मळा कधी बसला? ते शेजारी लिहिलं आणि सगळ्यांना वाचून दाखवलं. पहिला सोडला तर बसलेला प्रत्येक मळा मालकाच्या अशाच एका भेटीनंतर बारापंधरा दिवसांनी बसला होता. एकही चुकला नव्हता.

द्वारका म्हणाली, "तात्या, पाय दाखवा."

असं म्हणतात, की त्या शब्दांनी चावडीच्या आढ्यावरचे पारवे उडाले. तात्यांच्या पायांवर गाव डोकं ठेवायचं. ते पाय दाखवा म्हणायची हिंमत? तात्या मिशीवर हात फिरवून म्हणाले, "ह्या पायांच्या पाण्यानं येल मरंल म्हनता? मरू द्या. मेली तर मी मिशी उतरवतो. आन न्हाई मेली तर बुरशीबाईनं पेटी उचलायची, आन आमच्या सूनबाईनं उतरणीची वाट न बघता उद्याच माहेर गाठायचं."

"माझ्यावर कशाला पैज लावता?" शेवंता दारातून म्हणाली. कुणी ऐकलं नाही. पैज लागली.

तानूबाईच्या मळ्यातले वीस शेंडे आणले, वीस मडक्यांत लावले, चावडीच्या ओट्यावर दोन ओळी केल्या. तात्यांनी परातीत पाय धुतले, ते पाणी पहिल्या ओळीला घातलं. दुसऱ्या ओळीला विहिरीचं पाणी घालायचं, आणि ते रोज शेवंतानं, आपल्या हातानं, चारही दिवस धरून. पंचांनी कानांवर हात ठेवले. द्वारका म्हणाली, "तिच्या हातानंच वेली मरतात ना? मग तिच्याच हातानं कळू दे."

शेवंता रोज सकाळी कळशी घेऊन यायची. बायका पाणवठ्यावर थांबून बघायच्या. पाचव्या दिवशी ती आली तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं की तिला कालच कावळा शिवलाय. रस्ता रिकामा झाला. कळशीतलं अर्धं पाणी वाटेतच सांडलं. द्वारका ओट्यावरून खाली उतरली आणि तिच्या खांद्याला खांदा लावून चालली. असं म्हणतात, की त्या दोघी चावडीशी पोचल्या तेव्हा दुसऱ्या ओळीतल्या दहाही वेलींनी शेंडे शेवंताकडे वळवले.

नवव्या दिवशी पहिल्या ओळीतलं एक पान पिवळं पडलं. सोळाव्या दिवशी तिथं एकही वेल उभी नव्हती. शेवंताच्या वेली मडक्यांतून निघून चावडीच्या खांबाला लागल्या होत्या. काही म्हणतात, त्या रातोरात देवळाच्या घंटेपर्यंत गेल्या आणि दर वाऱ्याला घंटा वाजायची. खरंखोटं मला ठाऊक नाही. तात्यांना ती वाजताना ऐकू आली असावी.

द्वारकेनं मेलेल्या वेलीचं मूळ पाण्यात खळबळलं, थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाचा आरसा उन्हाकडे फिरवला आणि तात्यांना म्हणाली, "या. बघा." तात्यांनी डोळा लावला. असं म्हणतात, की त्यांना लिंबाच्या आकाराच्या इवल्या पिशव्या दिसल्या, एकेक फुटत होती, आणि प्रत्येकीतून जिवंत बी पोहत बाहेर पडत होतं. बघता बघता सगळा थेंब भरला. तात्यांनी घाबरून पाय वर घेतले आणि उंबऱ्यावर उकिडवे बसले. संध्याकाळपर्यंत त्यांनी पाय जमिनीला लावला नाही.

न्हावी आला, मिशी गेली.

आणि शेवंताला कुणी काय म्हटलं? एका सुनेचा संसार मोडायला निघालेल्या पंचांपैकी एकानंही तोंडातून चूक झाली असा शब्द काढला नाही. "झालं गेलं" म्हणाले. हे झालं गेलं नेहमी करणाऱ्यालाच सुचतं. तात्या तेवढे घसा खाकरून म्हणाले, "सूनबाई, ऱ्हावा आता."

शेवंता म्हणाली, "मामंजी, मी गेलतेच कुठं?"

आणि ती तडक मळ्यात शिरली. पाय धुऊन.

द्वारका वर्षभर येत राहिली. मेलेल्या वेली उपटून जाळल्या, पाणी साचू नये म्हणून चर काढले, मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी वेलींच्या बुडाशी घालायला लावलं. राहिलेले आठ मळे वाचले आणि त्यांच्या शेंड्यांवर अकरा पुन्हा उभे राहिले. संक्रांतीनंतर उतरण झाली, तेव्हा पहिली वेल शेवंतानं खाली घेतली आणि दुसरी तानूबाईनं. तानूबाईला बोलवायला पंचांना तिच्या बांधावर जावं लागलं. तिनं त्यांना आधी पाय धुवायला लावले.

खात्यानं तांबखडीच्या मरीचा अहवाल छापला. चांगला जाड छापला. त्यावर नाव चिखलाचा कंटाळा आलेल्या साहेबांचं होतं. द्वारकेचं कुठंच नव्हतं. असं म्हणतात, की तिनं तो उघडला, शेवटपर्यंत वाचला, दोन ठिकाणच्या चुका लाल शाईनं दुरुस्त केल्या आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. पुढे बावीस वर्षं ती फिरली. आल्याची कूज बघितली, केळीचे रोग बघितले, संत्र्याच्या डिंक्यासाठी पार वऱ्हाडात गेली. बढती फार उशिरा मिळाली, आणि तीही मागून आलेल्यांना मिळून उरली म्हणून. प्रत्येक गावात आधी बांधावर बसायची, पाय बघायची.

ती गेली त्या दिवशी, असं म्हणतात, तांबखडीच्या सगळ्या मळ्यांतल्या पानांनी प्रहरभर माना टाकल्या आणि मग पुन्हा उचलल्या. तिला हे सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, त्या दिवशी पाट बंद होता का?

त्यानंतर काही वर्षांनी अहवालवाले साहेब, आता पिकले केस, गळ्यात हार, तांबखडीत सत्कार घ्यायला आले. भाषण झालं, मग त्यांना मळा दाखवायला नेलं. मळ्याच्या तोंडाशी निळ्या पाण्याची दगडी कुंडी होती आणि कुंडीशी शेवंता उभी होती, आता स्वतः नातवंडांची आजी.

"पाय धुवा, सायेब."

साहेब हसले. "आजी, मला ओळखलं नाहीत? हे पाय धुवायचं सगळं माझ्याच अहवालात लिहिलंय."

"आसं व्हय?" शेवंता म्हणाली. "मग तुमाला तर सांगायलाच नको. धुवा."

साहेब थांबले, मागे वळून पंचांकडे बघितलं. पंच शेवरीच्या शेंड्याकडे बघत होते. शेवटी साहेबांनी बूट काढले, मोजे काढले, धोतर नसल्यामुळे पँट दुमडली. पांढरेफटक पाय, चिखल कधी न लागलेले. शेवंतानं ते नीट न्याहाळले आणि मागं उभ्या सुनेला म्हणाली, "ह्ये पाय बांधावर कदी आलंच नव्हतं गं. धू बाई धू, दोनदा धू."

आजही तांबखडीत वेल मेली की गाव भेटायला जातं, पण बांधावरूनच हात जोडतं, माती कुणी उचलत नाही. प्रत्येक मळ्याच्या तोंडाशी कुंडी आहे आणि तिच्यातल्या निळ्या पाण्याला द्वारकेचं पाणी म्हणतात. उतरणीच्या दिवशी घरातल्या बायका आधी आत जातात. कुणाचा कितवा दिवस आहे हे कुणी विचारत नाही. पुरुष बाहेर रांगेत थांबतात, थोरल्या पंचापासून, आणि कुंडीजवळ बसलेली घरची सून प्रत्येकाला एकच शब्द म्हणते.

"पाय."

आणि तो दाखवतो.